अर्धातास आणि हिरवी पेन्सिल

ऑफिसात त्याला सगळे अर्धातास म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की अर्धातास. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याने ते नेमकं ठेवलं होतं, कारण या गृहस्थाने चौतीस वर्षं नोकरी केली ती एका अर्ध्या तासाची राखण करण्यात.

तो अर्धा तास कसला, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अणुवीज केंद्रात काही बिघडलं, समजा सगळा वीजपुरवठाच गेला, तर अणुभट्टी आपोआप बंद पडते. पण बंद पडली म्हणजे थंड झाली असं नव्हे. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तशी तिची धग मागे उरते, आणि तिला पाणी पाजत राहावं लागतं. अशा वेळी नियंत्रण कक्षातली माणसं काय करतील? दोनशे दिवे एकदम लुकलुकतायत, घंटा कोकलतायत, फोन वाजतोय. भल्याभल्यांची अशा वेळी भंबेरी उडते. म्हणून सुरक्षेचं गणित मांडायचा नियमच असा की पहिली तीस मिनिटं माणसाने काहीही केलं नाही, साधं बोटही हलवलं नाही, असं धरून चालायचं. तेवढा वेळ केंद्राने आपल्या आपण तग धरला पाहिजे. तो धरेल की नाही, हे कागदावर सिद्ध करणं हे आपल्या माणसाचं काम. हा पंप बंद पडला तर? ती झडप अडकली तर? दोन्ही एकाच वेळी झालं तर?

यातलं एकदाही काही घडलं नाही. हेच त्याच्या कामाचं यश होतं आणि हीच गोची. न झालेल्या अपघातासाठी कोण कुणाची पाठ थोपटतं? त्याची ताई, म्हणजे थोरली बहीण, दर रविवारी फोन करायची. ती एकदा म्हणाली होती, "तुझं काम म्हणजे न आलेल्या पाहुण्यांचा स्वयंपाक. रोज रांधायचं आणि रोज कुणी आलं नाही म्हणून देवाचे आभार मानायचे." तो हसला होता. मग फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, हे फक्त कामाचं वर्णन नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. आई होती तोवर घरात दोन माणसांचे आवाज होते. ती गेल्यावर एक घड्याळ आणि एक फ्रिज. टॉर्च मात्र तीन, त्यातला एक दुसऱ्याचे सेल संपले तर, आणि तिसरा पहिले दोन्ही सापडले नाहीत तर. लग्नासाठी ताईने दोन-तीन मुली सुचवल्या होत्या. प्रत्येक वेळी याने इतके जर-तर काढले की मुलींची लग्नं होऊन त्यांना पोरंबाळं झाली. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आपल्या पठ्ठ्याने दूध कधी तोंडालाच लावलं नव्हतं, तरी फुंकणं चालू.

आता हिरव्या पेन्सिलीकडे येऊ.

या धंद्यात कुणाचंही गणित एकट्याच्या भरवशावर वापरत नाहीत. एकाने मांडायचं, दुसऱ्याने ओळन् ओळ तपासायचं, आणि तपासणाऱ्याने मांडणाऱ्याशी त्या गणिताविषयी चकार शब्द बोलायचा नाही. बोलला की एकाची समजूत दुसऱ्याच्या डोक्यात शिरते आणि चार डोळ्यांचे दोनच उरतात. जे काही म्हणायचं ते समासात लिहायचं. मांडणाऱ्याने प्रत्येक शेऱ्याला लेखी उत्तर द्यायचं: 'शेरा मान्य', नाहीतर 'शेरा अमान्य' आणि त्याचं कारण. सगळे शेरे मिटले की सही.

त्याच्या नोकरीच्या सातव्या वर्षी ती या कामावर आली. त्याची खोली व्हरांड्याच्या एका टोकाला, तिची दुसऱ्या टोकाला. मध्ये चाळीस पावलं आणि एक पाण्याचं पिंप. ती हिरव्या पेन्सिलीने तपासायची. पाहिलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिची बरोबरची बारीकशी खूण असे, तांदळाच्या कणीएवढी. शितावरून भाताची परीक्षा करणारे तपासनीस पुष्कळ होते. ही बाई एकेक शीत दाबून बघायची. पहिल्याच फाईलवर तिने सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलं: 'हे गृहीत कशावरून?'

तीनच शब्द. अर्धातास दोन दिवस त्या पानापुढे बसून राहिला. आजवर त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने लिहिलं: 'शेरा मान्य. बदल करतो.' आणि त्याला का कोण जाणे, फार बरं वाटलं.

त्याच महिन्यात ती दोन कप चहा घेऊन त्याच्या दारात उभी राहिली.

"सकाळपासून उठला नाहीत तुम्ही. म्हटलं, चहा घेऊ या."

तो गडबडून उभा राहिला. "तुमच्याकडे माझी फाईल आहे ना?"

"हो, आहे."

"मग आत्ता नको, मॅडम. सही झाली की घेऊ."

"बरं," ती म्हणाली आणि दोन्ही कप घेऊन, थेंबही न सांडता, चाळीस पावलं परत गेली. आपण नियम पाळला याचं अर्धातासाला दिवसभर समाधान वाटत होतं. शहाण्याचा मूर्खपणा तो हाच.

कारण सही झाली, तोवर दुसरी फाईल तिच्याकडे गेलेली होती. ती परत आली, तोवर तिसरी. त्याच्या कामाची पद्धतच अशी की एक फाईल तपासणीत, एक दुरुस्तीत, एक लिहायला घेतलेली. सत्तावीस वर्षांत असा एक दिवस उगवला नाही की त्याचं काहीतरी तिच्या टेबलावर नव्हतं. चहा राहिला तो राहिलाच. व्हरांड्यात भेट झाली तर तो मान लववायचा, ती मान लववायची, आणि पिंपाशी एकाने पाणी घेईपर्यंत दुसरा थांबायचा.

पण समासात मात्र ती दोघं बोलत होती. कामाचंच, पण बोलत होती. त्याची आई गेली तेव्हा त्याने दोनच दिवस रजा घेतली आणि तिसऱ्या दिवशी फाईल पुरी करून पाठवली. ती परत आली तेव्हा पान एकशे बारावर लिहिलं होतं: 'आकडे बरोबर. अक्षर नेहमीचे नाही. बरे आहे ना?' त्याने उत्तर लिहिलं: 'आई गेली.' फाईल पुन्हा तिच्याकडे गेली, पुन्हा आली. खाली हिरव्यात: 'समजले. पुढच्या पानांची घाई नाही.' या पाच शब्दांवर त्याने तो महिना काढला. घरी सांत्वनाला येऊन गेलेल्यांपैकी एकाचंही वाक्य त्याला आठवत नव्हतं. ते पान नंबरासकट पाठ होतं.

ती तिच्या वडिलांबरोबर राहायची. पुढे वडील वारले आणि तीही एकटी झाली. हे त्याला कळलं ते शिपायाकडून. दोन खोल्यांमधून फाइली नेणारा-आणणारा तो शिपाई दोघांनाही पुरता ओळखून होता. "साहेब," तो एकदा म्हणाला, "तुम्हा दोघांच्या फाइली वाहून माझे गुडघे गेले. एकदा समोरासमोर बोलला असता तर दोन माणसांचं भलं झालं असतं आणि दोन गुडघ्यांचं."

"तुम्ही फाईल न्या," अर्धातास म्हणाला होता.

निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. आता नवी फाईल सुरूच करायची नाही. शेवटची तिच्याकडून सही होऊन येईल आणि नोकरीच्या अखेरच्या दिवसांत दोघांच्या मध्ये एकही कागद नसेल. तसंच झालं. शेवटची फाईल आली, सगळ्या पानांवर हिरव्या कण्या, शेवटी सही. नऊ दिवस शिल्लक होते. त्याने बाजारातून दोन कप आणले, पांढरे, निळ्या काठाचे. दुसरा कोणी असता तर त्याच दुपारी चहा घेऊन गेला असता. पण हा पडला अर्धातास. सहीनंतरही एखादी शंका निघू शकते, थोडे दिवस जाऊ द्यावेत, म्हणून त्याने अखेरचा दिवस धरला. दुपारी चार. काय बोलायचं तेही ठरवलं. पहिलं वाक्य: 'मॅडम, आता माझं तुमच्याकडे काही नाही.' ते त्याने आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं आणि ते किती वाईट वाक्य आहे हे कळून रद्द केलं.

दोन दिवसांनी सकाळी घरातल्या नळाचं पाणी गेलं. तोंडाला साबण तसाच. खालच्या मजल्यावरचे ओरडत होते, टाकी रिकामी झाली म्हणून. हा टॉवेल खांद्यावर टाकून गच्चीवर गेला, टाकीचं झाकण उचललं आणि आत वाकून बघितलं. टाकीत पाणी होतं! तळाशी चांगलं हातभर. पण बाहेर जाणारा पाइप तळापासून हातभर उंचीवर बसवलेला, त्यामुळे त्याखालचं पाणी कुणाच्याच नळाला येणार नव्हतं. असलं काय आणि नसलं काय.

तो तिथेच उन्हात उभा राहिला. चेहऱ्यावरचा साबण वाळून कातडी ओढायला लागली तरी हलला नाही. एकोणीस वर्षांपूर्वीची एक फाईल त्याला आठवली होती. पान त्रेसष्ट.

ऑफिसात जाऊन त्याने ती काढली. वीज गेल्यावर ज्या राखीव टाकीतून भट्टीला पाणी जातं, तिचं गणित. नंतरच्या सगळ्या फाइलींत त्याने वापरता येईल तेवढंच पाणी धरलं होतं. या एका फाईलमध्ये अख्खी टाकी धरली होती, तळासकट. उत्तर काढलं होतं एक्केचाळीस मिनिटं. त्याने पुन्हा मांडलं. चौतीस.

चौतीस म्हणजे अर्ध्या तासापेक्षा जास्तच. भट्टीला धोका नव्हता. पण त्याच एक्केचाळिसाच्या आधारावर नियंत्रण कक्षाच्या सूचना-पुस्तकात एक ओळ छापली होती: दुसऱ्या टाकीची झडप चाळीस मिनिटांच्या आत उघडावी. एकोणीस वर्षं तिथली माणसं ती ओळ पाठ करत होती. एखाद्याने भरवशाने अडतिसाव्या मिनिटाला झडप उघडली असती तर?

चूक याची. पण ती तपासनीस बाईच्या डोळ्यांतून सुटली कशी? त्याने पानं मागे-पुढे केली. सत्तावन्न पानापर्यंत हिरव्या कण्या होत्या. बहात्तरपासून पुन्हा होत्या. मधल्या चौदा पानांवर कोपरे कोरे. शेवटी सही, तारीख. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी तिचे वडील गेले होते. आणि फाईलच्या पहिल्याच पानावर लाल शिक्का होता, 'तातडीचे'. तो याने स्वतः मारलेला. वडील दवाखान्यात आहेत हे शिपायाने सांगितलं होतं, तरीही. तातडी कसलीही नव्हती. याला फक्त त्या महिन्याचं काम त्या महिन्यात उरकायचं होतं. जिने याला लिहिलं होतं 'घाई नाही', तिला याने तातडीचा शिक्का मारून फाईल पाठवली. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याने खोलीचं दार लावून घेतलं.

आता काय करायचं ते नियमात लिहिलेलं होतं. त्रुटीपत्रक भरायचं, की केंद्राला लगेच तात्पुरती सूचना जाते. मग मूळ तपासनिसाने आपलं स्वतंत्र मत द्यायचं, समितीने निर्णय द्यायचा. अडीच-तीन महिन्यांचा मामला. तोवर फाईल उघडी, आणि फाईल उघडी म्हणजे चहा बंद. शिवाय या चौदा कोऱ्या कोपऱ्यांवर समितीतले सगळे बोट ठेवणार. एवढ्या वर्षांत तिच्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ते ठेवायला लावणारा हाच.

शिपाई आत आला तर साहेबांचा चेहरा उतरलेला. नाव न घेता अर्धातासाने अर्धंमुर्धं सांगितलं. शिपायाने उरलेलं ओळखलं.

"एकोणीस वर्षं थांबली ना ती टाकी? मग सात दिवस थांबेल. आधी चहा घ्या, साहेब, मग काय ते पत्रक भरा."

"आणि या सात दिवसांत तिथली वीज गेली तर?"

"चौतीस वर्षांत नाही गेली."

"तेच तर," अर्धातास म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले होते. त्याने स्टेशनरीच्या कपाटातून एक हिरवी पेन्सिल आणली, टोक काढलं. रद्दी कागदावर एक कणी काढून पाहिली. हुबेहूब. इतकी वर्षं रोज पाहिलेली खूण, चुकणार कशी? चौदा पानं, चौदा कण्या, मिनिटाचं काम. त्याने अठ्ठावन्न पान उघडलं आणि पेन्सिल कोपऱ्यापर्यंत नेली. मग त्याच्या लक्षात आलं: या खुणा केल्या तर तिने चूक बघूनही पास केली असं होईल. कोरे कोपरे निदान खरं तरी बोलत होते. त्याने पेन्सिल खणात टाकली आणि पत्रक पुढे ओढलं.

'त्रुटीचे कारण' या रकान्यात त्याने लिहिलं: 'टाकीतील न वापरता येणारे पाणी लेखकाने हिशेबात धरले. फाईल तातडीचा शिक्का मारून तपासणीस पाठवली. तातडी नव्हती. तपासनिसांच्या घरी आजारपण आहे हे लेखकास माहीत होते. दोष लेखकाचा.' सरकारी रकान्यात याहून जास्त माफी मावत नव्हती.

शिपायाने पत्रक उचललं आणि चाळीस पावलं नेलं.

अखेरच्या दिवशी चारला निरोपाचा कार्यक्रम झाला. मोठ्या साहेबांनी भाषणात त्याच्या नोकरीची वर्षं एकतीस सांगितली. ती मागच्या रांगेत उभी होती. टाळ्या वाजवून झाल्यावर तिने मान लववली. यानेही लववली. निळ्या काठाचे कप घरी कागदात गुंडाळलेले होते.

मग सुरू झालं ते रिकामपण. सकाळी साडेआठला पाय आपोआप बसस्टॉपकडे वळायचे. दोन बस सोडून तो घरी यायचा. गॅसचा नॉब पूर्वी दोनदा बघायचा, आता पाचदा बघू लागला, कारण वेळ होता. दुपारी जिन्यात पावलं वाजली की कान टवकारायचे; पावलं वरच्या मजल्यावर जायची. माणूस घरात मरून पडला तर कुणाला किती वेळाने कळेल, याचंही गणित त्याने एकदा मांडलं. रविवारी ताईचा फोन, म्हणून जास्तीत जास्त सात दिवस. त्या आकड्याचं त्याला इतकं वाईट वाटलं की त्याने तो कागद फाडून टाकला. तिने मत काय दिलं असेल, ही एकच गोष्ट डोक्यात घोळत राहायची. आपण तिला तोंडघशी पाडलं असंच तिला वाटत असणार. फोन करावा? फाईल उघडी होती. नाही केला.

अकराव्या आठवड्यात समितीचं पत्र आलं. चूक मान्य, सूचना-पुस्तकातली ओळ बदलली, चाळीसच्या जागी तीस, प्रकरण बंद. सोबत तपासनिसाच्या मताची नक्कल. त्यात लिहिलं होतं: 'अठ्ठावन्न ते एकाहत्तर ही पाने न पाहता सही केली. लेखकाने सर्व दोष स्वतःकडे घेतला आहे. ते अमान्य. दोष दोघांचा.'

त्याने ते दोनदा वाचलं. मग त्याच्या ध्यानात आलं की फाईल बंद झाली. खऱ्या अर्थाने, कायमची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने थर्मासात चहा भरला, दोन्ही कप पिशवीत घातले आणि शिपायाला फोन करून तिचा पत्ता विचारला.

"घाई करा, साहेब," शिपाई म्हणाला. "बाई गेल्या आठवड्यात रिटायर झाल्या. भावाकडे निघाल्यात, कायमच्या. आजच."

तिच्या घराचं दार उघडंच होतं. आत खोकीच खोकी, भिंतींवर फ्रेमांचे चौकोनी डाग. प्रत्येक खोक्यावर हिरव्या पेन्सिलीने भावाचा पत्ता. ती खिडकीपाशी उभी होती. याला बघून तिला आश्चर्य वाटलं, पण तिने ते पटकन आवरलं.

"या. बसायला खोकंच आहे. सामानाची गाडी अर्ध्या तासात येईल, त्यांच्याबरोबरच निघायचंय."

"चहा आणलाय," तो म्हणाला.

तिने थर्मासकडे पाहिलं, मग कपांकडे. "फाईल बंद झाली म्हणून?"

"हो. आता नियमाची आडकाठी नाही."

ती एका खोक्यावर बसली. एक घोट घेतला आणि कप हातातच धरला. "नियम मी पाठ केलाय. गणिताविषयी बोलू नये, एवढंच आहे त्यात. चहाविषयी एक अक्षर नाही."

"नाही?"

"नाही. मला वाटलं, तुम्हाला यायचं नाही आणि तुम्ही नियम पुढे करताय. सभ्य माणसं असंच नाही म्हणतात." ती साधेपणाने बोलत होती, हवापाण्याचं बोलावं तसं. "मग मी पुन्हा विचारलं नाही."

अर्धातासाला सगळं सांगायचं होतं. की मला यायचं होतं, रोज यायचं होतं. की पान एकशे बारा मला पाठ आहे. की आयुष्यात तुमच्या अक्षराइतकं कुणाचंच अक्षर मी वाचलेलं नाही. वाक्यं तयार होती. पण ती ऐकून तिला अवघडल्यासारखं झालं तर? ती हसली तर? निघायच्या वेळी माणसाला असं काही सांगावं का? तो मूग गिळून बसला. कपातला चहा निवला. ती टाकीबद्दल दोन वाक्यं बोलली, यानेही दोन वाक्यं बोलून उत्तर दिलं. खाली गाडीचा भोंगा वाजला.

पहिली तीस मिनिटं माणूस काहीही करत नाही, हे चौतीस वर्षं कागदावर धरलेलं त्याने त्या सकाळी स्वतः सिद्ध करून दाखवलं.

हमाल वर आले. त्यानेही दोन खोकी खाली नेली. ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, कप धुऊन त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "काळजी घ्या." गाडी कोपऱ्यावर वळली. अर्धातास रस्त्यावर दोन कप घेऊन उभा. घरी आल्यावर तो रडला. आईच्या वेळी रडला नव्हता, तेव्हाचंही त्यात असेल.

तीन दिवसांनी त्याने पत्र लिहायला घेतलं. समोर बसून जे जमलं नाही ते कागदावर जमेल, कारण बोलायची याला तीच एक रीत माहीत होती. चार पानं झाली. चहाचं लिहिलं, पान एकशे बाराचं लिहिलं, तातडीच्या शिक्क्याचं, कपाटातल्या पेन्सिलीचंसुद्धा लिहिलं. शेवटच्या पानावर लिहिलं: 'हे सर्व तेव्हाच सांगायला हवे होते. आता फार उशीर झाला आहे.' खोक्यांवरचा पत्ता त्याला पाठ झालाच होता. आणि सवयीने प्रत्येक पानाला डाव्या बाजूला चार बोटं समास सोडलेला होता.

बारा दिवसांनी पाकीट आलं. आत त्याचंच पत्र. त्याचा चेहरा पडला. न वाचताच परत पाठवलं असं वाटलं. मग त्याने पानाचा कोपरा पाहिला. हिरवी कणी. दुसऱ्या पानावरही. तिसऱ्यावरही. पहिल्या पानाच्या समासात एक शेरा होता: 'चहात साखर जास्त होती. तेव्हा बोलले नाही.' दुसऱ्यावर: 'मलाही पाठ आहे.' तिसऱ्यावर काहीच नव्हतं. चौथ्या पानावर 'आता फार उशीर झाला आहे' या वाक्याखाली हिरवी रेघ मारलेली होती, आणि समासात लिहिलं होतं:

'हे गृहीत कशावरून?'

त्याने पेन उघडलं. सवयीप्रमाणे खाली लिहिलं, 'शेरा मान्य. बदल करतो.' पाकीट बंद केलं, तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी गेला. पाकीट फटीत अर्धं घातलं आणि थांबला. पत्र पोचायला चार दिवस लागतात. रेल्वेला अकरा तास. ती घरी नसली तर? भावाला आवडलं नाही तर? तिने सहज म्हणून लिहिलं असेल तर?

त्याने पाकीट बाहेर ओढून खिशात घातलं आणि घरी येऊन पिशवी भरली. दोन कप, थर्मास, कपड्यांचा एक जोड, तिसरा टॉर्च. चहात साखर कमी टाकली. स्टेशनला जायची बस समोरच उभी होती. अकरा तासांचं ते गणित त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडूनही न तपासता वापरलं, आणि बसमध्ये चढला.